गावरान कोंबडीच्या गर्भाचा चेहरा आणि कवटी : प्रकल्प नोंदी, परभणी

८ जानेवारी

काम असं : गावरान कोंबडीच्या गर्भात चेहरा कसा जुळून येतो आणि कवटीचं कोणतं हाड कधी धरतं, याची सलग मालिका तयार करायची. तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत. सातव्या दिवसापर्यंतचे गर्भ अखंड ठेवून बाहेरून बघायचे. सात ते चौदा दिवसांचे अल्शियन ब्लू आणि अलिझरीन रेडने रंगवून ग्लिसरीनमध्ये पारदर्शक करायचे. कूर्चा निळी, हाड लाल.

कोंबडीच का, तर चेहऱ्याची सुरुवातीची मांडणी तिच्यात आणि माणसात एकच आहे. वरून खाली येणारा फ्रंटोनेझल उंचवटा, नाकाच्या खळग्यांबाहेरचे लॅटरल नेझल उंचवटे, दोन्ही गालांकडून मध्याकडे सरकणारे मॅक्झिलरी आणि खालच्या जबड्याचे मँडिब्युलर. माणसात हे उंचवटे चौथ्या आठवड्यात दिसू लागतात आणि वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. कोंबडीत हेच काम तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या दरम्यान उरकतं, आणि कवचाला खिडकी पाडून ते डोळ्यांनी बघता येतं.

एक मर्यादा आताच लिहून ठेवतो, कारण विद्यार्थी इथे हमखास चुकतात. टाळूच्या अभ्यासाला कोंबडी चालत नाही. पक्ष्यांमध्ये टाळूच्या दोन फळ्या आडव्या वाढतात, पण मधोमध एकमेकींना चिकटत नाहीत. चिकनच्या दुकानातून एक डोकं आणा, चोच उघडा आणि वर बघा : टाळूच्या मध्यावर लांबट चीर दिसेल. ते व्यंग नाही, कोंबडी तशीच असते. म्हणून दुभंगलेला ओठ समजून घ्यायला हा गर्भ उत्तम, दुभंगलेल्या टाळूसाठी उंदराचा गर्भ लागतो.

प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात आहे. चौदा दिवसांपुढे एकही अंडं जाणार नाही.

११ जानेवारी

अंडी ३६. सगळी जिंतूर आणि मानवतकडच्या घरांतली, जिथे कोंबड्यांसोबत कोंबडा मोकळा फिरतो. दुकानातली पांढरी अंडी फलित नसतात, त्यांचा उपयोग नाही. आठवडी बाजारातली गावरान अंडी फलित असतात, पण ती कोणत्या दिवशी घातली आणि किती दिवस टोपलीत होती हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून घरोघर पेन्सिल दिली होती : अंडं उचलल्याबरोबर त्यावर तारीख. शाईचा पेन नको, कवचाला छिद्रं असतात.

वजनं ३६ ते ४६ ग्रॅम. अंडी धुवायची नाहीत. धुतलं की वरचा पातळ थर निघतो आणि जंतूंना आत जायला वाट मिळते. मळ असेल तर कोरड्या कापडाने पुसायचा, फारच माखलेलं अंडं बाजूला ठेवायचं.

साठवण १५–१६ अंशांवर, रुंद टोक वर, जास्तीत जास्त सात दिवस. गर्भाची वाढ साधारण २१ अंशांच्या खाली थांबलेली असते. त्यावर गेलं की ती सुरू होते, पण रडतखडत आणि वेडीवाकडी. सध्या परभणीची रात्र चांगलीच गार आहे, उत्तरेकडच्या खोलीत वेगळी सोय लागली नाही. उन्हाळ्यात हीच गोष्ट सगळ्यात अवघड होणार.

१३ जानेवारी

सकाळी १० वाजता अंडी लावली. त्याआधी पाच तास खोलीच्या तापमानाला आणून ठेवली होती, नाहीतर थंड अंड्याला उबदार हवेत घाम सुटतो आणि ओल्या कवचातून जंतू आत ओढले जातात. सगळी आडवी ठेवली, वरच्या बाजूला पेन्सिलची फुली. गर्भ बलकाच्या वरच्या अंगाला तरंगत येतो, त्यामुळे फुलीखाली तो सापडतो.

तापमान ३७.७, आर्द्रता ५५ ते ६०. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पाऱ्याच्या थर्मामीटरपेक्षा ०.६ अंशाने जास्त निघाला. पारा अंड्यांच्या उंचीवर टेकवलेला होता, वरच्या जाळीवर नाही. आता सगळ्या नोंदी पाऱ्याच्या.

वजनाची घट रोज बघायची आहे. अठरा दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के कमी व्हावं लागतं, म्हणजे दिवसाला ०.६ ते ०.७ टक्के. ४० ग्रॅमच्या अंड्याला दिवसाकाठी पाव ग्रॅमच्या आसपास. इथली हवा कोरडी असल्याने घट जास्त होण्याकडेच कल असतो. पाण्याचा ट्रे रुंद हवा, खोल असून उपयोग नाही.

१५ जानेवारी

५० तास. १२ अंड्यांना खिडकी पाडली. रुंद टोकाला सुईने भोक पाडून १८ नंबरच्या सुईने ४ मिली पांढरा काढला. सुई सरळ खाली, टोक तळाकडे, नाहीतर बलक फुटतो. पांढरा काढल्यावर गर्भ कवचापासून खाली उतरतो. मग फुलीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून, तिच्यासकट बाकदार कात्रीने दोन सेंटीमीटरचा गोल कापला. पट्टीमुळे कवचाचे तुकडे आत पडत नाहीत.

हे काम तिसरा दिवस संपेपर्यंत टाळलं तर गर्भाभोवतीचे पडदे वरच्या पापुद्र्याला चिकटतात आणि खिडकी पाडताना शिरा फाटतात. आज १२ पैकी एक अंडं गेलं. बलकाला सुई लागली.

थेंबभर द्रावण टाकण्यासाठी हॉवर्ड रिंगर : लिटरला मीठ ७.२ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.१७ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम. माणसाच्या सलाईनपेक्षा हे थोडं पातळ असतं. सलाईनची बाटली जवळ आहे म्हणून तीच वापरू नये.

१६ जानेवारी

७२ तास. पुस्तकाप्रमाणे इथे हॅम्बर्गर-हॅमिल्टनचा २० वा टप्पा असायला हवा. प्रत्यक्षात ११ गर्भांत १६ पासून २० पर्यंत सगळे सापडले. एकाच यंत्रातले, एकाच वेळी लावलेले.

व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ साली कोंबडीच्या वाढीचे ४६ टप्पे मांडले, ते नेमक्या याच अडचणीसाठी. तास सांगून गर्भाचं वय कळत नाही. अंडं किती दिवस साठवलं, घालण्यापूर्वी कोंबडीच्या पोटात किती वाढ झाली, यंत्राच्या कोणत्या कोपऱ्यात होतं, यावर अर्धा-एक दिवस सहज इकडेतिकडे होतो. म्हणून टप्पा ठरवायचा तो शरीरावरून : सोमाइट, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंच्या पेशींच्या गाठी, किती, पंखाची आणि पायाची कळी केवढी, डोळ्यात रंग आला का, बोटांची पाळी फुटली का.

आजपासून नियम : बाटलीवर तास लिहायचेच, पण मालिकेत जागा मिळणार ती टप्प्यावरून. आणि टप्पा ठरवताना चेहरा बघायचा नाही. हातपाय बघायचे. चेहऱ्यावरून टप्पा ठरवला आणि मग त्या टप्प्याला चेहरा कसा असतो असं लिहिलं, तर आपण आपल्यालाच उत्तर सांगितलं.

१८ जानेवारी

पाचवा दिवस. आजचे चार गर्भ २५ आणि २६ टप्प्याचे, कोपर आणि गुडघा ओळखू येतात. डोकं मानेपासून वेगळं करून ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये, ४ अंशांवर रात्रभर.

बघण्याची रीत, कारण हिच्यावाचून काहीच दिसत नाही : पेट्री डिशमध्ये १ टक्का ॲगरोजचा थर, त्यात काळी शाई मिसळून काळा केलेला. सुईच्या टोकाने त्यात खळगा करून डोकं चेहरा वर करून बसवायचं. वर फॉस्फेट बफर सलाईन. प्रकाश वरून मारला तर सगळं दुधाळ सपाट दिसतं. दिवा जवळजवळ आडवा, डिशच्या काठाला टेकवून, एकाच बाजूने. मग उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि खाचा उठून दिसतात.

आडव्या उजेडात २५ व्या टप्प्याचा चेहरा असा : मध्ये रुंद, खाली सपाट कडा असलेला फ्रंटोनेझल भाग. त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना नाकाचे खळगे, खालच्या बाजूला अजून उघडे, जणू गोठ्याच्या भिंतीतले कोनाडे. खळग्याच्या बाहेर लॅटरल नेझलची गोल पाळी. डोळ्याखालून तिरका येणारा मॅक्झिलरी उंचवटा खळग्याच्या तोंडाशी पोचलाय, पण टेकलेला नाही. मध्ये केसाएवढी काळी रेघ. खाली मँडिब्युलरची जोडी मध्यावर जुळलेली, तिथे उथळ खाच.

फ्रंटोनेझलच्या त्या खालच्या कडेवरच्या पातळ त्वचेकडे नीट बघून ठेवण्यासारखं आहे. तिथे एफजीएफ-८ आणि सॉनिक हेजहॉग या दोन संकेतप्रथिनांची हद्द लागते. २००३ साली हू, मार्कुसिओ आणि हेल्म्स यांनी हा त्वचेचा तुकडा दुसऱ्या जागी लावला, तर तिथे चोचीची जादा वाढ झाली. म्हणजे चोच कुठे आणि कोणत्या दिशेला, हे त्वचेच्या या रेघेवर ठरतं. पण चोच कोणाची, हे आतल्या पेशींवर. त्याच वर्षी श्नायडर आणि हेल्म्स यांनी लावा पक्षी आणि बदक यांच्या न्यूरल क्रेस्ट पेशी (गर्भाच्या पाठीकडून निघून चेहऱ्यात येणाऱ्या) अदलाबदल केल्या, तर बदकाच्या अंगावर लाव्याची चोच आली आणि लाव्याच्या अंगावर बदकाची. आपल्या सूक्ष्मदर्शीखाली यातलं काही दिसणार नाही, पण विद्यार्थ्याला रेघेवर बोट ठेवून दाखवता येतं.

१९ जानेवारी

सहाव्या दिवसाच्या पाच गर्भांपैकी क्रमांक २३ वर दोघांनी वेगवेगळी नोंद केली. एकाने लिहिलं, डावीकडे ओठाची फट. खाच खोल, मॅक्झिलरी आणि फ्रंटोनेझल यांच्यात सरळ अंतर. बाकी चार गर्भांत त्या जागी अखंड कातडी.

हातपाय झाकून ठेवलेली डिश उघडली. पायाच्या पाळीवर पहिली तीन बोटं जेमतेम आखलेली. टप्पा २६. बाकीचे चार २८ आणि २९. पुन्हा दिवा दुसऱ्या बाजूने लावला, तर उजवीकडेही तेवढीच खाच. पहिल्यांदा उजेड उजवीकडून होता, त्यामुळे सावली डावीकडच्या खाचेत भरली आणि ती एकटीच खोल वाटली. अंड्यावरची तारीख बघितली, घालून नऊ दिवसांनी यंत्रात गेलेलं. सात दिवसांचा आपलाच नियम इथे मोडला होता. जास्त साठवलेलं अंडं उशिरा चालू होतं.

तर क्रमांक २३ ला व्यंग नाही, त्याची वेळ व्हायची आहे. २६ पर्यंत ही खाच असणारच. २८–२९ मध्ये उंचवटे टेकतात, मधली त्वचा नाहीशी होते आणि आतला पेशींचा भराव एकसंध होतो, तेव्हा बाहेरून खाच बुजते. फट आहे असं म्हणायचं असेल तर तीन गोष्टी एकत्र लागतील : हातपायांवरून टप्पा २९ किंवा पुढचा, दोन्ही बाजूंनी उजेड लावून घेतलेले फोटो, आणि त्याच टप्प्याचे निदान तीन शेजारी. माणसाच्या गर्भाबद्दल वाचतानाही हेच लागू. सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला न जुळलेला ओठ म्हणजे दुभंगलेला ओठ नव्हे.

क्रमांक २३ मालिकेत राहील. २६ व्या टप्प्याचा इतका स्वच्छ चेहरा दुसरा नाही.

२७ जानेवारी

१४ वा दिवस. ७, १० आणि १४ दिवसांची डोकी रंगवायला तयार. १० दिवसांपासून पुढच्या गर्भांची कातडी सोलावी लागते, पिसांच्या कळ्या राहिल्या तर त्या रंग धरतात. अल्कोहोलमध्ये बुडवून सोललं तर कातडी ताठ होते आणि एका पदराने निघते. ७ दिवसांच्या गर्भाला सोलायची गरज नाही, उलट नुकसान होतं. उजवा डोळा काढून टाकायचा, म्हणजे दोन डोळ्यांमधला कूर्चेचा पातळ पडदा दिसतो. डावा ठेवायचा, त्यात हाडांचं कडं आहे.

रंगवायच्या डोक्यांना फॉर्मल्डिहाइड नको, सरळ ९५ टक्के इथेनॉल, दोन ते चार दिवस. जुनं फॉर्मलिन आंबट होतं आणि कॅल्शियम खातं. इथेनॉलचा परवाना आणि साठ्याची वही आधीच पूर्ण करून ठेवावी, कामाच्या मध्यावर स्पिरिट संपलं तर दुसरं काही चालत नाही.

पुढचे टप्पे, १० आणि १४ दिवसांच्या डोक्यांसाठी :

ॲसिटोन, १ दिवस. चरबी निघते.

अल्शियन ब्लू ८जीएक्स १५ मिलिग्रॅम, ८० मिली ९५ टक्के इथेनॉल, २० मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. १२ ते १६ तास. ७ दिवसांच्या डोक्याला ६ ते ८ तास पुरे. रात्रभर ठेवून सकाळी उशिरा बघितलं असं इथे चालणार नाही : ॲसिड हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि नंतर लाल रंग धरायला काही उरत नाही.

९५ टक्के इथेनॉलचे तीन बदल, दिवसभर.

१ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइड, स्नायू काचेसारखे होऊन आतली कूर्चा दिसेपर्यंत. १० दिवसांच्या डोक्याला काही तास, १४ दिवसांच्याला जवळपास एक दिवस. यात घड्याळ नाही, बघत राहायचं. जास्त झालं की डोकं चिंध्या होऊन बाटलीच्या तळाशी बसतं.

अलिझरीन रेड एस : ०.१ टक्क्याच्या साठ्यातून ५ मिली, १ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइड ९५ मिलीत. म्हणजे ०.००५ टक्के. १२ तास.

मग १ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये २० टक्के ग्लिसरीन, पुढे ५०, ८०, आणि शेवटी निखळ ग्लिसरीन. प्रत्येक पायरी एक ते दोन दिवस. शेवटच्या बाटलीत थायमॉलचा एक खडा, बुरशी येऊ नये म्हणून.

३ फेब्रुवारी

सहाही डोकी वाया गेल्यासारखी. निळं छान आहे, पण अलिझरीननंतर सगळं जांभळट. हाडं वेगळी दिसत नाहीत, बाटलीच्या तळाशी जांभळा गाळ.

कारण सापडलं : पाणी. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपत आला होता, त्यात बोअरचं पाणी मिसळलं गेलं. इथलं बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर चढवणारं. अलिझरीन जे हाडातल्या कॅल्शियमशी करतं तेच पाण्यातल्या कॅल्शियमशी करतं : त्याच्याशी बांधलं जाऊन न विरघळणारा रंगीत साका होतो, आणि तो डोक्याच्या आत-बाहेर सगळीकडे बसतो.

तपासणी सोपी आहे आणि आजपासून सक्तीची : १०० मिली पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दोन-तीन गोळ्या टाकायच्या. पाणी गढूळ, दुधट झालं तर ते टाकून द्यायचं. स्वच्छ राहिलं तर वापरायचं. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणीही या परीक्षेत उतरलं तर चालतं, आज आणलेल्या दोन कॅनपैकी एक उतरलं.

डोकी वाचवायचा प्रयत्न : स्वच्छ पाण्यातलं १ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइड, रोज बदलून. सोबत ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे मोजके थेंब. जास्त घातलं तर मेंदूच्या पोकळीत बुडबुडे अडकतात आणि कवटीची पातळ पत्रं आतून उचलली जातात.

११ फेब्रुवारी

सहापैकी चार वाचली. नवीन पाण्यात रंगवलेली दुसरी तुकडीही ग्लिसरीनमध्ये ५० टक्क्यांवर आली आहे. दोन्ही मिळून जे दिसलं ते असं.

७ दिवस : लाल कुठेही नाही. निळ्यामध्ये सगळ्यात ठळक मेकेलची कूर्चा, खालच्या जबड्यात दोन बारीक काड्या, पुढे एकमेकींकडे झुकलेल्या. मागच्या टोकाला क्वाड्रेट, जबडा कवटीला जोडणारा भाग. नाकाचा पडदा आणि त्यापुढे निघालेला प्रीनेझल कूर्चेचा दांडा, ज्याच्या आधाराने वरची चोच पुढे जाते.

१० दिवस : हातपाय बघून टप्पा ३६. पायाचं मधलं बोट ५.२ मिमी, नाकपुडीच्या पुढच्या कोपऱ्यापासून चोचीच्या टोकापर्यंत २.५ मिमी. मूळ तक्त्यात हे आकडे ५.४ आणि २.५ आहेत, गावरान गर्भ थोडा लहान असणं साहजिक. लाल रंग आधी जबड्यात : मेकेलच्या निळ्या काडीला बाहेरून चिकटलेल्या लाल चिरफळ्या, सरँग्युलर आणि अँग्युलर. गालाच्या काडीसारख्या हाडांतही लाल. कपाळाच्या हाडाची फक्त डोळ्याच्या वरच्या काठावर पातळ कोर. माथा पूर्ण मोकळा.

१४ दिवस : कपाळाचं हाड डोळ्याच्या काठापासून वर चढत मध्याकडे निघालेलं, कडा जाळीदार, दोन्ही बाजूंमध्ये अजून रुंद अंतर. माथ्यामागचं परायटल सगळ्यात मागे, जेमतेम लाल जाळं.

मेकेलच्या काडीजवळ थोडं थांबावं. कोंबडीत तिचं मागचं टोक आर्टिक्युलर होतं आणि क्वाड्रेटशी जबड्याचा सांधा करतं. माणसात त्याच दोन भागांचं मॅलियस आणि इन्कस होतं, मधल्या कानातली इवलीशी हाडं. रायशर्टने १८३७ मध्ये डुकराच्या गर्भांवरून हे दाखवलं. विद्यार्थ्याच्या हातात ही बाटली आणि माणसाच्या कानाच्या हाडांचा नमुना शेजारी शेजारी दिला की पुढचं फार सांगावं लागत नाही.

२४ फेब्रुवारी

बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरून वाद. कोणतं हाड न्यूरल क्रेस्टपासून आणि कोणतं मेसोडर्मपासून (गर्भाच्या मधल्या थरापासून), हे चिठ्ठीवर रंगीत ठिपक्याने दाखवावं असं सुचलं होतं. ते रद्द.

चेहऱ्याच्या हाडांबद्दल शंका नाही, ती न्यूरल क्रेस्टची. वाद कवटीच्या छताचा. लाव्याच्या पेशींचं केंद्रक कोंबडीपेक्षा वेगळं दिसतं, हे निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये वापरात आणलं आणि लाव्याच्या पेशी कोंबडीत बसवून कोण कुठे जातं हे बघता येऊ लागलं. त्यांच्या गटाने १९९३ मध्ये कोंबडीची कपाळाची आणि माथ्याची हाडं दोन्ही क्रेस्टची म्हटली. ड्र्यू नोडेन यांच्या कामातून हद्द कपाळाच्या हाडातच पडते आणि माथा मेसोडर्मचा निघतो. उंदरात २००२ च्या कामात कपाळाचं हाड क्रेस्टचं, परायटल मेसोडर्मचं. अलिझरीनला यातलं काही कळत नाही. ते कॅल्शियम दाखवतं, वंशावळ नाही. जे आपल्या बाटलीत दिसत नाही ते आपल्या चिठ्ठीवर नको.

१० मार्च

कवचाबाहेर, प्लास्टिकच्या पेल्यात पातळ फिल्मवर वाढवलेले तीन गर्भ. तिसऱ्या ते सातव्या दिवसाचा चेहरा टिपायला ही पद्धत फार सोयीची, कॅमेरा सरळ वर लावता येतो. पण १२ व्या दिवशी अलिझरीन फिकट, कपाळाचं हाड नावापुरतं. दुसऱ्या आठवड्यापासून गर्भ कवचातलं कॅल्शियम ओढू लागतो, इथे कवचच नाही. हाडांच्या मालिकेत पेल्यातला एकही गर्भ घ्यायचा नाही.

२८ मार्च

२६ तारखेला २४ अंडी लावली. आज दुपारी खोलीत ३९.५ अंश. यंत्रात पारा ३९.९, साधारण तीन तास. हीटर बंदच होता. हे यंत्र फक्त गरम करतं, गार करत नाही. त्यात दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि वरच्या जाळीत गरम हवा साचली.

वीज गेली की सगळे थंडीची काळजी करतात. ती दुय्यम. खुडूक कोंबडी रोज दाणे टिपायला उठते, अंडी थोडा वेळ गार होतात, काही बिघडत नाही. वर गेलेले दोन अंश मात्र गर्भ सोसत नाही, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत तर अजिबात नाही. मेंदू, डोळे आणि चेहऱ्याचे उंचवटे याच दिवसांत आकार घेतात.

यंत्र तळमजल्यावरच्या खोलीत हलवलं, कूलर लावला. कूलरने खोली ३१ वर आली आणि आर्द्रताही सुधारली. आता खोली ३३ च्या वर गेली तर यंत्राचं दार बोटभर उघडं ठेवायचं आणि पारा दर अर्ध्या तासाला वाचायचा. अंडी टाकून देत नाही, काय होतं ते बघायचं आहे.

३० मार्च

टॉर्चवर बघितली. २ फलित नव्हती, ९ मध्ये रक्ताचं कडं, म्हणजे गर्भ मेलेला. १३ जिवंत.

९ एप्रिल

१४ वा दिवस, १३ गर्भ काढले. अकरांचा चेहरा नेहमीसारखा. दोघांची वरची चोच वाकडी. क्रमांक ७१ मध्ये चोच डावीकडे वळलेली, खालची सरळ, आणि डावा डोळा उजव्याच्या निम्मा. क्रमांक ७६ मध्ये वाक थोडा, डोळे समान.

यावेळी टप्प्याचा प्रश्न नाही. पायाच्या बोटावरून दोघेही शेजाऱ्यांच्या बरोबरीचे. फोटो दोन्ही बाजूंच्या उजेडात घेतले.

दोघांचेही दोन्ही डोळे तसेच ठेवून रंगवायचे.

२० एप्रिल

क्रमांक ७१ ग्लिसरीनमध्ये. कूर्चा आणि हाडं स्वच्छ.

मेकेलच्या दोन्ही काड्या सारख्या लांबीच्या, म्हणून खालची चोच सरळ. वरच्या बाजूला डोळ्यांमधला पडदा डाव्या लहान डोळ्याच्या दिशेने झुकलेला, आणि त्यावर बसलेला नाकाचा पडदा आणि प्रीनेझल दांडा त्याच वळणात. चोच स्वतः वाकलेली नाही, तिचा पायाच तिरका आहे. डाव्या खोबणीवरची कपाळाच्या हाडाची कोर उजव्यापेक्षा आखूड. वाढता डोळा आतून दाबत राहतो, त्या दाबाने खोबण आणि भोवतीची हाडं आकार घेतात. १९५८ साली कूलोम्ब्र आणि क्रेलिन यांनी कोंबडीच्या गर्भावर डोळ्याचा हाच वाटा दाखवला.

डोळ्यांतली हाडांची कडी मोजली. उजवीकडे १४ पत्र्या, एकमेकींवर किंचित चढलेल्या, कौलांसारख्या. कोंबडीत बहुधा १४ च असतात. डावीकडे १०, बारीक, खालच्या बाजूला दोन ठिकाणी मधे मोकळी जागा. तीन वेळा मोजलं, तिघांनी वेगवेगळं, तिन्ही वेळा १०.

उष्णतेमुळे झालं असं चिठ्ठीवर लिहिलेलं नाही. जास्त तापमानाने डोळे लहान राहतात आणि चोच वाकडी होते हे उबवणी केंद्रांना माहीत आहे. पण वाकडी चोच आनुवंशिकही असते, आणि त्याच कोंबड्यांची, न तापलेली अंडी आपल्याकडे शेजारी नव्हती. चिठ्ठीवर एवढंच : '७१, १४ दिवस, दुसऱ्या दिवशी तीन तास ३९.९ अंश, डावा डोळा लहान, पत्र्या उ. १४ डा. १०, वरची चोच डावीकडे'. पेन्सिलने, जाड कागदावर, बाटलीच्या आत.

७१ आणि ७६ ची अंडी मानवतकडच्या एकाच घरची. त्या घरी सांगून ठेवलं आहे : नोव्हेंबरमध्ये त्याच कोंबड्यांची २४ अंडी, तारखा घालून. निम्मी ३७.७ वर, निम्म्यांना दुसऱ्या दिवशी तीन तास ३९.९. समितीकडे दुरुस्तीचा अर्ज या आठवड्यात.